गोल्डफिशच्या टाकीत झाडं टिकतील, पण पाणी बदलावंच लागेल

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात पाच गोल्डफिश आहेत, चार नारिंगी आणि एक काळा, बटबटीत डोळ्यांचा. दुकानातून तीनदा हिरवी झाडं आणून रंगीत खड्यांत खोवली, पण दर वेळी दोन दिवसांत पानं गायब आणि देठ पाण्यावर तरंगलेले. पाणी चार दिवसांत गढूळ होतं, म्हणून दर रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडे आणि फिल्टर नळाखाली घासून धुवायचे आणि सगळं नव्यानं भरायचं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, बाकी दिवस बोअर. त्यामुळे रविवारी घरात बोलणी बसतात. खरी झाडं लावली की पाणी आपोआप स्वच्छ राहतं, असं ऐकल्यामुळे झाडांचा आग्रह. यजमान म्हणतात, प्लास्टिकची लाव आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात, वास्तूसाठी नऊ मासे लागतात, आधी ते पूर्ण कर. ताई विचारतात, ‘कोणती झाडं लावू म्हणजे ती टिकतील आणि पाणी बदलायची कटकट संपेल?’

ताई,

झाडांची नावं पुढे येतीलच. आधी तुमच्या वाक्याचा शेवट बघू. पाणी बदलायची कटकट संपणार नाही. ती निम्म्यावर नक्की येईल, पण झाडांमुळे नाही, रविवारची धुलाई थांबवल्यामुळे.

टाकीचं माप आधी करून घ्या. लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि ६१ ने भागायचं, की लिटर मिळतात. तुमची टाकी २४ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. वरचे दोन इंच मोकळे आणि खाली खडे, म्हणजे प्रत्यक्ष पाणी जेमतेम ४५ लिटर. गोल्डफिश रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याला पोट असं वेगळं नसतं, आतड्यातून अन्न पुढे सरकत राहतं, म्हणून तो दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो. आखूड अंगाचे फॅन्सी प्रकारसुद्धा १५ ते २० सेंटिमीटर होतात आणि नीट ठेवले तर दहा वर्षं जगतात. ४५ लिटरमध्ये असे दोन लहान मासे कसेबसे मावतात, तेही वाढेपर्यंत. पाच मासे म्हणजे पाणी गढूळ होणारच. तुमच्या स्वच्छतेत काही कमी नाही. उलट ती जास्त होते आहे.

ती कशी, ते सांगायला हवं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर सातव्या दिवशी क्लोरिनच्या पाण्याखाली धुऊन काढता. म्हणून टाकी कायम पहिल्या आठवड्यातच अडकलेली आहे. चौथ्या दिवशीचा दुधाळपणा बहुतेक वेळा त्याचाच असतो.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं यात भर पडते. काळ्या कातळातून आलेलं पाणी क्षाराचं असतं, म्हणून त्याचा सामू म्हणजे पीएच चढा असतो. तो ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना घरातल्या टाकीचं पाणी सहज ३२ पर्यंत जातं. तेव्हा नेहमीचीच घाण माशाला जड जाते. क्षाराचं पाणी मात्र गोल्डफिशला मुळीच नकोसं नसतं. ते नुसतं आरओचं करून देण्याच्या भानगडीत पडू नका.

मग झाडांचं काय? वाढणारं झाड अमोनिया आणि नायट्रेट खरंच ओढून घेतं, तेवढं तुम्ही ऐकलं ते बरोबर आहे. पण किती ओढतं, हे ते किती वेगानं वाढतं यावर ठरतं. इथेच पेच आहे. भराभर वाढणारी झाडं मऊ असतात आणि मऊ झाडं गोल्डफिश खातात. जी ते खात नाहीत ती इतकी सावकाश वाढतात की पाच माशांच्या घाणीपुढे त्यांचा हिशेब लागत नाही. आणि विष्ठेचे गोळे कोणतंच झाड उचलत नाही.

म्हणून झाडांच्या खरेदीआधी टाकीची घडी बसवा. येत्या रविवारी मासे काढू नका. एक नळी घेऊन तळाची घाण ओढत १५ लिटरची एक बादली पाणी काढा, त्याच बादलीत फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा पिळा आणि परत लावा. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच पाणी हळूहळू आत सोडा. नळाचं किंवा टीसीएल पावडर टाकलेलं टँकरचं पाणी असेल, तर उघड्या बादलीत २४ तास ठेवा, आत एअर पंपाची नळी सोडली तर आणखी बरं. घाई असेल तर दुकानातलं अँटिक्लोरीन पाकिटावरच्या मापानं टाका. जिवाणू बसेपर्यंत पहिले चार-पाच आठवडे एक दिवसाआड एक बादली बदलावी लागेल, म्हणजे आठवड्याला ५० लिटरच्या घरात. आत्तापेक्षा हे जास्तच दिसेल, पण खडे धुण्यात जाणारं पाणी त्यात धरा. कुणाकडे जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांचा वापरलेला स्पंज ओलाच आणून तुमच्या फिल्टरजवळ ठेवा, महिन्याचं काम दोन आठवड्यांवर येतं. अमोनिया तपासायचं थेंबांचं किट मिळालं तर घ्या, महिनाभर त्याच्याइतका भरवशाचा सल्लागार नाही.

त्यानंतर पाच माशांना आठवड्यातून दोन बादल्या, दोन माशांना एक. बदललेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं आणि झाडं त्यावर तरारतात. फक्त टाकीत मीठ किंवा औषध टाकलेलं असेल त्या आठवड्यात नको. ज्या लातूर शहरानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्याच्या जिल्ह्यात टाकीच्या पाण्यावरून बोलणी बसणं स्वाभाविकच आहे. बादली कुंडीत जाताना दिसली की ती कमी होतात.

उन्हाळ्यात वाफ होऊन पातळी उतरते, तेव्हा नुसतं बोअरचं पाणी ओतत राहिलात तर क्षार साठत जातात, कारण वाफ पाण्याची होते, क्षार मागे राहतात. ही भर घालायला मात्र आरओचं शुद्ध पाणी चालतं. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवायचं म्हणून टाकीत घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

आता झाडं. तुमची तीनही वेळची झाडं का गेली, याची दोन कारणं संभवतात. मऊ पानांची होती म्हणून खाल्ली, किंवा मुळं धरायच्या आत उपटली. गोल्डफिश खडे तोंडात घेऊन चघळतो आणि थुंकतो, हा त्याचा दिवसभराचा उद्योग आहे. खोवलेली काडी त्यात टिकत नाही. (जाता जाता, बारीक रंगीत खडे त्याच्या घशात अडकू शकतात. ते काढून टाका. एकतर धुतलेली, चाळलेली नदीची वाळू अर्धा-पाऊण इंच ठेवा, नाहीतर तोंडात मावणार नाहीत असे गुळगुळीत गोटे. गोट्यावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो चुनखडीचा, तो नको.) तिसरं कारण दुकानातलं असतं. टोकदार, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांची काही झाडं टाकीसाठी म्हणून विकतात, ती मुळात कुंडीतली असतात. पाण्यात बुडवली की तीन-चार आठवड्यांत कुजतात. लकी बांबू त्यातलाच. त्याचे पाय पाण्यात चालतात, डोकं नाही.

तुमच्या टाकीसाठी पहिलं झाड दुकानात नाहीच. ते मनी प्लांट. दोन-तीन पेरांची फांदी बाटलीत घालून दोन-तीन आठवडे मुळं फुटू द्या. मग ती टाकीच्या मागच्या काठावर अशी बसवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. पानं हवेत असल्यामुळे कार्बन डायऑक्साइडची टंचाई नसते, म्हणून ते झपाट्यानं वाढतं आणि पाण्यातल्या कोणत्याही मंद झाडापेक्षा जास्त नायट्रेट ओढतं. मासे मुळं कुरतडतात, म्हणून प्लास्टिकच्या पेल्याला भोकं पाडून त्यात मुळं ठेवायची आणि पेला काठाला अडकवायचा. चार-पाच फांद्या लावा. पानं पाण्यात पडून कुजू देऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर वेल त्याच्या हाताला लागणार नाही असा वर चढवा, ती पानं चावली की तोंडाची आग होते.

पाण्याच्या आत शोभेला अनुबियास घ्या. जाड, चिवट, गडद पानं, गोल्डफिश बहुधा एकदा चाखून सोडून देतो. याचं खोड आल्यासारखं आडवं वाढतं. ते वाळूत पुरलं की सडतं, आणि निम्मी अनुबियास अशीच मरतात. मुठीएवढ्या दगडावर ते ठेवून शिवणाच्या काळ्या दोऱ्यानं गुंडाळा किंवा फेविक्विकसारख्या गोंदाचे दोन थेंब लावून अर्धा मिनिट दाबून धरा. सुकलेल्या गोंदानं माशांना काही होत नाही. दगड सोडला की झाड लागलं. मासे दगड हलवू शकत नाहीत आणि पाणी बदलताना तो अख्खा उचलता येतो. नवं पान महिन्याला एखादं येतं, त्यामुळे धीर धरा. सुरुवातीला जुनी एक-दोन पानं पिवळी पडली तर घाबरू नका, बहुतेक झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. जावा फर्न त्याच पद्धतीनं लावायचं. त्याच्या पानाखाली काळे ठिपके आले तर रोग समजून कापू नका, तिथून पुढे पिल्लं फुटतात. पण तिसाच्या वर पाणी गेलं की ते रुसतं, म्हणून तुमच्याकडे माझी पसंती अनुबियासला.

खरी हिरवी भिंत हवी असेल तर व्हॅलिसनेरिया. लांब फितीसारखी पानं, आणि तिला आपलं क्षाराचं पाणी आवडतं, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ती कार्बन घेऊ शकते. अडचण एवढीच, की मुळं धरेपर्यंत मासे तिला उपटतात. यावर संक्रांतीची सुगडं कामी येतात, रंग न दिलेली. धुतलेली वाळू भरा, रोप असं लावा की पानं जिथून फुटतात तो गाभा वाळूच्या वर राहील, तोंडावर मोठे गोटे रचा आणि सुगड महिनाभर माशांशिवाय वेगळ्या टबात, उजेडात ठेवा. मुळांनी सुगड भरलं की मग टाकीत. वाळूत शेणखत घालू नका. शेतकऱ्याच्या घरात कुणाला तरी सुचतंच म्हणून लिहिते, युरिया किंवा १९:१९:१९ हे खत चिमूटभरही नको. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि मासे जातात. झाडांना लागणारं नत्र माशांकडून भरपूर मिळतं.

हायड्रिला आणि हॉर्नवर्ट ही टाकीची झाडं समजू नका, चारा समजा. सावलीतल्या टबात वाढवा आणि आठवड्याला मूठभर टाकीत सोडा. चघळायला हे मिळालं, शिवाय एक दिवसाआड सोललेला उकडलेला वाटाणा किंवा गरम पाण्यातून काढलेलं पालकाचं पान मिळालं, तर बाकीच्या झाडांवरची चोच कमी होते. गोळ्यांचं खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून दोनदा. टाकीची घडी बसेपर्यंत एकदाच.

हायड्रिला आपल्या तलावांत, कालव्यांत फुकट दिसतं, म्हणून थेट आणून टाकू नका. त्यासोबत गोगलगायी, चतुराच्या अळ्या, माशांना चिकटणाऱ्या उवा आणि शेतातून वाहून आलेलं कीटकनाशक येतं. पाच लिटर पाण्यात १५-२० ग्रॅम तुरटीपूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा, स्वच्छ धुवा आणि मग दोन-तीन आठवडे मासे नसलेल्या टबात, अधूनमधून पाणी बदलत ठेवा. दुकानातली झाडंही आधी अशीच वेगळ्या टबात ठेवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बऱ्याचदा झाडांवरूनच घरात येतो. छाटलेली झाडं ओढ्यात किंवा तलावात टाकायची नाहीत, कुंडीत जिरवा. जलपर्णीनं काय केलं ते आपण पाहतोच.

दिवा सहा-सात तास पुरे, दोन फुटांना दहा-बारा वॅटचा एलईडी. जास्त ठेवला तर अनुबियासच्या पानांवर शेवाळ चढतं, आणि खिडकीतलं थेट ऊन आलं तर पाणीच हिरवं होतं. एक गोष्ट लोक हमखास विसरतात. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात आणि तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. म्हणून उन्हाळ्यात एअर पंप रात्री बंद करायचा नाही. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर यूएसबीवर, पॉवरबँकेवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा. झाकण काढून जाळी लावा आणि टेबलफॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढ्यानं दोन-तीन अंश उतरतात, कूलरचं तत्त्व तेच. बर्फाची बाटली घालायची झाली तर पाणी एकदम थंड होऊ देऊ नका.

यजमानांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. पाणी बदलणं नियमित झालं आणि झाडं जमली नाहीत, तर कृत्रिम झाडांनी मासे मरत नाहीत, त्यांच्यावरही जिवाणू बसतात. फक्त कडक प्लास्टिक नको, कापडी पानांची घ्या. तुमच्या काळ्या माशाचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्याला दिसतं कमी, टोकदार पानानं डोळा फुटतो. त्याच कारणासाठी धारदार दगडही नकोत.

नऊ माशांचं बघू. सासूबाईंना घरात भरभराट दिसावी असं वाटतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण ४५ लिटरमध्ये नऊ गोल्डफिश म्हणजे दर महिन्याला एखादा मेलेला काढायचा आणि जागा भरायची, हे त्यांनाही आवडणार नाही. नऊ गोल्डफिशसाठी याहून कितीतरी मोठी टाकी लागेल. तीन फुटांची, ३६ गुणिले १५ गुणिले १८ इंचांची टाकी भरून १५९ लिटरची होते, तिच्यात तीन, फार तर चार.

नऊचाच आग्रह असेल तर मासा बदला. आठ नारिंगी प्लॅटी आणि एक काळी. या माशांना क्षाराचं पाणी मानवतं, गोल्डफिशपेक्षा त्या उष्णता जास्त सोसतात, पाच-सहा सेंटिमीटरच्या वर जात नाहीत, झाडं उपटत नाहीत. अशा टाकीत व्हॅलिसनेरियाच काय, हायड्रिलासुद्धा टिकेल आणि आठवड्याला एक बादली पुरेल. डासांसाठी आरोग्य खातं टाक्यांत सोडतं ते गप्पी यांचेच भाऊबंद. सगळे नर मागून घ्या, पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर, नाहीतर दोन महिन्यांत नऊचे नव्वद होतील. तुमचे गोल्डफिश दुकानदार परत घेतात का ते विचारा, मोठी टाकी असलेलं एखादं घर मिळालं तर उत्तमच. मुलांचा जीव त्या काळ्यावर असेल, तर दोन गोल्डफिश ठेवून बाकीचे द्या, नऊचा विचार सोडा. गोल्डफिश आणि प्लॅटी एकत्र मात्र नकोत, लहान प्लॅटी एक दिवस त्याच्या तोंडात जाईल.

मासा आजारी पडला तर औषध टाकीत ओतू नका. दुकानात मिळणारं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, जिवाणूंची वस्ती मारतं, तांब्याची औषधं झाडं मारतात आणि खडेमीठ व्हॅलिसनेरिया-हॉर्नवर्टला सोसत नाही. आजारी मासा वेगळ्या टबात, टाकीचंच पाणी घालून, एअर पंप लावून ठेवा आणि औषध तिथे द्या.

सुट्टीत चार-सहा दिवस गावी जाणार असाल, तर खाणं घालायला शेजाऱ्यांना सांगू नका. मोठे गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतात, आणि टाकीत मूठभर हायड्रिला सोडून गेलात तर उपासही घडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी एक बादली बदला, दिव्याला टायमर लावा, पंप चालू ठेवा.